सहा-सोळाचा टायर

सकाळीच राऊच्या क्षयाच्या सॅनिटोरियममधून एक माणूस सायकल हाणत आला आणि दारातूनच म्हणाला, "बाईसाब, जल्दी चला. लक्ष्मण भैयाला रातपासून रक्त पडतंय." पोराचं नाव ऐकताच द्वारकाबाईंनी दूध तसंच उतरवलं, लुगडं बदललं आणि त्या मोटारीत जाऊन बसल्या. त्यांच्या यजमानांनी, दौलतरावांनी, गाडी फाटकाबाहेर काढली न काढली तोच पुढचा डावा टायर फाटला. स्टेपनी आधीच वापरात गेलेली, नवी घेतलीच नव्हती.

होळकरांची फौज मध्यभारतात विलीन झाली, दौलतरावांची कप्तानकी गेली, पण फौजेचा मोटारखाना काही डोक्यातून गेला नव्हता. त्यांनी फाटक्या टायरवरचे आकडे बोटाने पुसले. सहा-सोळा. सहा इंच टायरची रुंदी, सोळा इंच रिम.

शेजारचा अच्युत धावत आला. त्याची गाडी इंजिन उघडून वर्कशॉपात पडली होती, पण एक टायर घरी होता. तो साडेपाच-सोळाचा.

"काकासाहेब, रिम तर एकच आहे ना? बसून जाईल. हळू चालवा, राऊपर्यंत आरामात जाल."

"पुढच्या दोन चाकांत एक सहा आणि एक साडेपाच? अरुंद टायर उंचीलाही कमी भरतो. गाडी एकीकडे ओढते. माझ्या गाडीला चारही टायर एका मापाचे लागतात."

"आजच्या दिवसापुरतं, हो," द्वारकाबाई म्हणाल्या. "पोरगं वाट बघतंय."

"तुम्हाला त्यातलं कळत नाही. सियागंजच्या बाजारातून आत्ता घेऊन येतो." फाटका टायर टांग्यात टाकून ते निघूनही गेले.

जळलं ते आत्ता! महूची बस राऊवरूनच जाते, पण त्या घरातली बाई आजवर बसमध्ये चढली नव्हती. द्वारकाबाई मोटारीतच बसून राहिल्या. ऊन डोक्यावर आलं तेव्हा दौलतराव रिकाम्या हाताने परतले आणि फाटकातच उभे राहून सांगू लागले: एकाकडे साडेसहा-सोळा होता, तो मडगार्डला घासला असता. दुसऱ्याकडे सहा-सतरा, तो या रिमवर बसणारच नाही. कुणी काही विचारलं नव्हतं, तरी ते सांगतच होते.

द्वारकाबाई बघत राहिल्या. लक्ष्मण राऊला दाखल झाल्यापासून हा माणूस तिथल्या व्हरांड्यापुढे कधी गेला नव्हता, हे त्यांना आठवलं. लढाईवर जाऊन आलेला कप्तान पोटच्या पोराच्या खाटेला भ्याला होता. तो टायर शोधत नव्हता, वेळ काढत होता. त्यांना संताप आला, कीवही आली. दोन्ही गिळून त्या मोटारीतून उतरल्या.

"मी बसने जाते."

"जा," ते खाली बघत म्हणाले. "एक दुकान राहिलंय अजून."

अच्युत सोबत आला. त्या पोचल्या तेव्हा लक्ष्मणच्या तोंडावर चादर ओढलेली होती. "अभी-अभी गेला, माँजी," नर्स म्हणाली. "रस्त्यावर मोटार वाजली की विचारायचा, बाबासाहेबांची आहे का?" द्वारकाबाई खाटेच्या कडेला बसल्या आणि अजून गरम असलेला त्याचा पाय धरून मोठ्याने रडल्या.

दिवस कलता कलता दौलतराव आले. सहा-सोळा मिळाला होता. आज मात्र त्यांना खाटेपर्यंत यावंच लागलं. त्यांनी आणि अच्युतने लक्ष्मणला मागच्या सीटवर निजवलं. द्वारकाबाईंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, अच्युत पुढे बसला.

रस्त्यातला एकेक खड्डा चुकवत दौलतराव गाडी हाकत होते. मागे न वळता त्यांनी विचारलं, "धक्के बसत नाहीत ना त्याला?"

"नाही बसत," द्वारकाबाई म्हणाल्या. "सकाळी आपण धक्के खात आलो असतो, तर भेटला असता."