टाचेची रेघ

मोजणीदारांचे वय त्र्याहत्तर होते आणि त्यांच्या मोटारसायकलचे एकतीस. दोहोंपैकी अधिक चिंता कोणाची करावी, हा प्रश्न त्यांच्या लेकीला गेली दोन वर्षे सतावीत असे. परंतु त्या रविवारी ती उत्तर ठरवूनच उठली होती. आदल्या सायंकाळी थोरल्या भावाचा फोन येऊन गेला होता. भाऊ दूरच्या शहरात औषधांचे दुकान चालवी, आणि गोळी जेवणाआधी की जेवणानंतर हे ज्या स्वरात सांगे, त्याच स्वरात घरच्या गोष्टींचाही निकाल लावी.

"हे बघ, अप्पा माझं ऐकणार नाहीत. तुझं ऐकतात. उद्या शेवटचं फिरवून आण आणि संध्याकाळी किल्ली काढून घे."

"किल्ली म्हणजे काय लहान मुलाच्या हातातली कात्री आहे, दादा?"

"त्याहून वाईट आहे. कात्री दगडधोंड्यांवरून उड्या मारत नाही."

भाऊ तिच्याच मनातले बोलत होता, आणि दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकणे तिला अधिक जड गेले.

घरामागे पत्र्याची एक लांब शेड होती आणि तिच्यात बापलेकींची दोन राज्ये सुखाने नांदत होती. डाव्या अंगास लेकीचे काम चाले. ती गाड्यांच्या सीटा शिवीत असे. तिच्या मेजावर फोमचे तुकडे, रेक्झीनची गुंडाळी, दाभण, मेणाचा दोरा आणि निळ्या खडूचे कपटे पसरलेले असत. उजव्या अंगास दोन मोटारसायकली उभ्या असत. उंच, हडकुळ्या, दातेरी चाकांच्या, मातीच्या वाटांसाठीच घडलेल्या आणि एकाच माणसाला बसता येईल एवढ्याच बैठकीच्या. मोजणीदारांनी चाळीस वर्षे जमिनी मोजल्या होत्या. जिथे रस्ता संपतो तिथून त्यांचे काम सुरू होई. शेडमध्ये काम करताना लेकीने टेप लावून आकडा म्हटला, की पलीकडून गाडीचा नट आवळता आवळता ते न पाहताच म्हणत, "पुन्हा मोज." एकदा मोजले तो अंदाज, दोनदा मोजले ते माप, अशी त्यांची श्रद्धा होती, आणि तिच्यात त्यांनी कधी सवलत दिली नव्हती.

मातीच्या वाटेने दोन गाड्या एकामागोमाग जाऊ शकत नाहीत. पुढच्याची धूळ मागच्याच्या डोळ्यांत जाते. म्हणून मोजणीच्या दिवसांत त्यांनी एक रीत घालून घेतली होती. पुढच्याने पुढे निघून जावे. जिथे वाट फुटेल तिथे उतरून, जी वाट घ्यायची नाही तिच्या तोंडावर बुटाच्या टाचेने आडवी रेघ ओढावी. मागून येणाऱ्याने रेघ पाहावी, मोकळ्या वाटेने जावे, आणि जाताना ती पायाने पुसावी, म्हणजे तिसऱ्याची फसगत होऊ नये. रेघ ओलांडायची नाही. ही रीत लेकीला विसाव्या वर्षी पहिल्या मोटारसायकलबरोबर मिळाली, आणि बावीस वर्षांत तिने ती एकदाही मोडली नव्हती.

मोडली ती मोजणीदारांनी. पंधरवड्यापूर्वी एका फाट्यावर त्यांनी डाव्या वाटेवर रेघ ओढली आणि स्वतः डावीकडेच निघून गेले. लेक उजवीकडून ठरल्या जागी पोहोचली आणि तासभर एकटी उभी राहिली. त्या तासात तिच्या मनाने काय काय पाहिले ते सांगण्यासारखे नाही. शेवटी ते एका मोरीच्या कठड्यावर स्वस्थ बसलेले सापडले.

"अप्पा, रेघ डावीकडे होती."

"विचार बदलला," ते म्हणाले, आणि बुटातला खडा काढू लागले.

त्या दोन शब्दांवर तिचा विश्वास बसला नव्हता. त्या दिवसापासून तिचे डोळे त्यांच्या प्रत्येक हालचालीचा पाठलाग करीत.

रविवारी सकाळी त्यांनी गाडीला किक मारली, तेव्हा ती मनातल्या मनात मोजत होती. पूर्वी दोन किकांत गाडी बोले. आज सातवी लागली. क्लचवर ठेवलेल्या डाव्या हाताची दोन बोटे जराशी थरथरत होती. ती नेहमीच थरथरत होती की आजच, हे तिला आठवेना.

"काय बघतेस, ठमे?" ठमी हे तिचे लहानपणचे नाव, आणि बेचाळिसाव्या वर्षीही तिची त्यातून सुटका झाली नव्हती.

"काही नाही. हेल्मेटचा पट्टा."

"पट्टा मी पन्नास वर्षं लावतोय. तू तुझा बघ, लोंबतोय."

तो खरोखरच लोंबत होता.

ते पुढे, ती मागे. गाव सरले, डांबर सरले, आणि लाल मुरमाची वाट टेकड्यांत शिरली. अंतर ठेवून चालताना वळणावळणावर तिला त्यांची पाठ दिसे आणि लोपे. खडकाळ चढावर बसून गाडी चालवू नये. पायटेकूवर उभे राहावे, गुडघे सैल ठेवावे, म्हणजे धक्के कण्यात शिरत नाहीत. हे तिला त्यांनीच शिकवले होते. आज ते बसूनच चढ चढत होते. एका ठिकाणी त्यांचे मागचे चाक घसरले आणि सावरले. दिसले की भय वाटे, आणि दिसेनासे झाले की दुप्पट वाटे. किल्लीविषयी बोलायचे वाक्य ती हेल्मेटच्या आत पुटपुटून पाहत होती. 'अप्पा, आता पुरे' हे उद्धट वाटे. 'अप्पा, दादा म्हणत होता' हे भ्याड वाटे.

तासाभराने ती बंद पडलेल्या दगडाच्या खाणीजवळच्या फाट्यावर पोहोचली. तिथून डावी वाट खाणीतल्या तळ्याकडे जाई. गेली कित्येक वर्षे तळ्याच्या काठी थर्मासमधला चहा प्यायचा आणि परतायचे, हा त्यांचा नेम होता. उजवी वाट टेकडीला लांबचा वळसा घालून त्याच तळ्यावर उतरे. तिने ती क्वचितच पाहिली होती.

रेघ डाव्या वाटेवर होती.

आणि त्याच डाव्या वाटेवर, रेघेच्या अलीकडे आणि पलीकडे, मोजणीदारांच्या चाकाची नक्षी उमटलेली होती. त्यांच्या पुढच्या चाकाचा एक दात तुटका होता. ती खूण तिला अंधारातही ओळखता आली असती. पंधरवड्यापूर्वीचीच गोष्ट पुन्हा घडली होती: रेघ ओढायची आणि आपणच ती ओलांडून जायचे. मागच्या आठवड्यात मोठा पाऊस झाला होता, खाणीच्या बाजूच्या कडा ढासळतात हे सर्वांना ठाऊक होते, आणि तिचा बाप सात किका मारून, बसून, थरथरत्या बोटांनी त्या वाटेवर एकटा शिरला होता.

ती रेघ न पुसता ओलांडून गेली.

वेग वाढला तो तिच्या हातून नव्हे, भीतीच्या हातून. पहिले वळण गेले, दुसरे गेले, आणि दुसऱ्या वळणापलीकडे वाट नव्हतीच. पावसाने ती तिथे कापून नेली होती. दोन पुरुष खोल घळ आ वासून होती. तिने दोन्ही ब्रेक आवळले. मागचे चाक आडवे झाले, गाडी कुशीवर पडून कडेपर्यंत घसरली आणि पुढचे चाक अधांतरी फिरत राहिले. तिचा डावा पाय गाडीखाली अडकला. इंजिन बंद पडले, आणि टाकीच्या झाकणातून पेट्रोल थेंबथेंब मुरमात झिरपू लागले.

पाय दुखत होता, पण तिची पहिली नजर पायाकडे गेली नाही. कोपरावर उठून तिने घळीत पाहिले. खाली लाल चिखल, उन्मळलेले एक झुडूप. मोटारसायकल नव्हती, माणूस नव्हता. तिला हायसे वाटायला हवे होते, वाटले नाही. चिखलाखाली काय असेल ते वरून कसे दिसावे?

"अप्पा!"

मोजणीदारांच्या उजव्या कानाने दोन वर्षांपूर्वीच निवृत्ती घेतली होती. तिने पुन्हा हाक मारली नाही, कारण हलले की गाडी बोटभर कडेकडे सरके. फोनला रेंज नव्हती. ती तशीच, पाय दगडात रोवून, दोन्ही हातांनी सीटचा काठ धरून पडून राहिली. सीट तिनेच शिवलेली होती. शिवण घट्ट होती, हे तिला त्या घटकेस बोटांनी कळले.

किती वेळ गेला कोण जाणे. मग मागून बुटांचा आवाज आला. सावकाश, एकेक पाऊल चाचपून टाकणारा.

"हलू नकोस," अप्पा म्हणाले. "पाय फिरतोय का?"

"फिरतोय. तुम्ही... तुम्ही कुठं होता?"

"तळ्यावर. चहा ओतून बसलो होतो. तुझा निवला, मग म्हटलं बघावं. फाट्यापर्यंत मागं आलो, गाडी तिथंच लावलीय."

त्यांनी आपल्या कमरेचा पट्टा काढून मागच्या चाकात अडकवला, टाच एका खडकाला लावली आणि पाठ मागे टाकून ओढले. बळ फारसे नव्हते. बेत मात्र अचूक होता. ते ओढीत, ती ढकली. तीन दमांत गाडी हातभर मागे आली आणि पाय मोकळा झाला. घोटा सुजला होता, मोडला नव्हता. दोघेही धापा टाकीत वाटेच्या आतल्या अंगाला बसले.

"रेघ दिसली नाही?" त्यांनी विचारले.

"दिसली. पण तुमच्या चाकाची खूण आत गेलेली होती. मला वाटलं, मागच्यासारखंच..."

"खूण होती. रेघ वर होती, की चाक वर होतं?"

तिला आता लख्ख आठवत होते: रेघ अखंड होती. चाकाची नक्षी रेघेने कापली गेली होती, रेघ चाकाने नव्हे. ते आत गेले होते, परत आले होते, आणि मग त्यांनी वाट बंद केली होती. पाहिले होते तिनेही तेच. पण एकदाच पाहिले होते.

"चुकलं माझं, अप्पा."

"हो," ते म्हणाले. मग त्यांनी घळीकडे बोट केले. "ही कडा तुला किती लांबून दिसली?"

"वळलं की लगेच. वेग होता म्हणून, नाहीतर थांबले असते."

"मी सावकाश होतो. मला चाक कडेला टेकल्यावर दिसली." त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा नसलेल्या डोळ्यांवरून फिरवला. "उतरलो, गाडी हातानं मागं ओढली. फाट्यावर आलो, रेघ मारली. आणि त्या दिवशी विचार बदलला नव्हता. रेघ मारली हेच विसरलो होतो."

हेल्मेटमध्ये घोकलेल्या वाक्यांपैकी एकही कामाचे नव्हते.

"घरी जाताना तू पुढं हो," ते म्हणाले.

परतीला ती पुढे निघाली, आणि जन्मात प्रथमच पुढच्याचे भय काय असते ते तिला कळले. मागच्याला निदान पाठ दिसते. पुढच्याला केवळ कानांवर विसंबावे लागते. खाणीच्या फाट्यावर तिने सुजलेल्या पायाचा बूट घासून, स्वतःच्या चाकाने मोडलेली रेघ पुन्हा ओढली. त्यापुढच्या फाट्यावर रेघ ओढून तिचा पाय किकवर जाईना. ती ऐकत उभी राहिली. वारा होता. एक पाखरू होते. मग फार दुरून तो जुना, कफ झाल्यासारखा आवाज आला, वळणाआड बुडाला, पुन्हा आला.

"थांबलीस का?" त्यांनी येताच विचारले. "रीत काय आहे?"

"धूळ नव्हती."

"धूळ नव्हती म्हणे." त्यांनी तिची रेघ पाहिली. "वाकडी आहे," ते म्हणाले, आणि उतरून ती पुसली.

दुपारी शेडमध्ये गाड्या उभ्या राहिल्या. फोन वाजू लागला. पडद्यावर 'दादा' होते. तिने तो मेजावर पालथा ठेवला. मोजणीदार हेल्मेट खुंटीला लावून आपल्या गाडीपुढे आले. शेडची जमीन मातीची होती. त्यांनी पुढच्या चाकासमोर टाच रोवली आणि इकडून तिकडे एक रेघ ओढली. सावकाश, सरळ, जणू दोन शेतांमधली हद्द आखावी तशी. किल्ली गाडीतच राहिली. काढून घ्यायला आता कारण उरले नव्हते.

लेक दाराशी उभी होती. ते तिच्या गाडीच्या बैठकीवर हात फिरवीत होते.

"हिला मागं बसायला जागाच नाही. शिवणारी घरात असून ही दशा."

"सांगाडा वाढवावा लागेल, अप्पा. वेल्डिंग करून घ्यावं लागेल."

"मग घे की. का मी टाकीवर बसू?"

तिने मेजावरची टेप उचलली, लंगडत आली आणि सीटच्या मागे लावली.

"किती भरलं?"

"साडेनऊ इंच."

"पुन्हा मोज," मोजणीदार म्हणाले.