लहान दाराचा पिंजरा

पिंजरा म्हटलं की तुम्ही नाक मुरडणार, ठाऊक आहे मला. पण मित्रांनो, मी एक जुना पिंजरा आहे आणि हे सांगायला मला मुळीच लाज वाटत नाही. माझी जागा गाडीच्या डिकीत होती आणि माझ्यात मोल्टे नावाची कुत्री बसायची. वाघसिंह कोंडणाऱ्या पिंजऱ्यांशी माझं काही नातं नाही.

माझा जन्म नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर, होड्या दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात झाला. मला घडवलं राग्नामावशीने. वेल्डिंग करता करता तिची साठी उलटली होती. तोंड फटकळ, पण हात सोन्याचे. तिच्या भाचीने, इंगुनने, कुत्रीचं पिल्लू आणलं तेव्हा मावशी ते पाहायला आली. पिल्लू गाडीच्या मागच्या सीटवर मोकळं बागडत होतं.

"हे काय?" मावशी कडाडली. "करकचून ब्रेक लागला तर हे पोर काचेवर आदळेल, कळतंय का?"

"अहो मावशी, मी हळूच चालवतो," इंगुनचा नवरा सिग्वे म्हणाला.

"तू चालवशील रे हळू. मागचा चालवेल का?"

तिने तिथल्या तिथे डिकीचं माप घेतलं. माझे गज तिने असे जोडले की मार बसला तर मी दबावं, पण तुटू नये. 'मोडेन पण वाकणार नाही' असं छाती फुगवून सांगणारे पुष्कळ असतात. मला मावशीने नेमकं उलटं शिकवलं. आणि तिने मला दोन दारं दिली. मोठं दार डिकीच्या बाजूला, लहान दार सीटच्या बाजूला. "मोठं रोजचं, लहान अडीअडचणीचं," ती म्हणाली. "डिकी उघडलीच नाही, तर जनावर इथून बाहेर काढायचं. याच्यापुढे काही ठेवायचं नाही."

पहिल्या दिवशी मोल्टे माझ्यात बसून रडली आणि वर ओकलीसुद्धा. तेव्हा इंगुनच्या दोन वर्षांच्या मुलीने, ओस्नेने, स्वतःची दुलई ओढत आणून आत टाकली. मग काय, आठ दिवसांत किल्ल्या वाजल्या की मोल्टे माझ्यात उडी मारून तयार! घाटातल्या वळणांवर ती माझ्या गजांना टेकून बसायची. एवढासा जीव, पण त्याची धडधड माझ्या अंगभर फिरायची. आत काही फिरतंय, जळतंय, थांबतच नाही! मला लोखंडाला त्याचं काय नवल वाटायचं म्हणून सांगू!

अशी आठ वर्षं गेली. इतरांनी कौतुक केलं, शेजाऱ्यांनी माप मागून नेलं. फक्त लहान दाराकडे कुणी बघितलं नाही. त्याची कडी गंजली. सिग्वे तर कुरकुरायचाच, "अर्धी डिकी या धेंडाने खाल्ली!"

मग तो ईस्टर आला. ईस्टरला आमच्याकडे जो घरी थांबतो तो आजारी तरी असतो, नाहीतर पोलीस. बाकी सगळे डोंगरावरच्या आपापल्या लाकडी घरात जातात. टपावर स्की चढल्या, आत संत्र्यांची पेटी आली, आणि मग सिग्वेने बर्चच्या सरपणाची सहा पोती आणली. डोंगरावर विकतचं लाकूड जाळायचं म्हणजे त्याला सात पिढ्यांचा अपमान वाटे! मागच्या सीटचा अर्धा भाग आडवा पाडून त्याने ती पोती माझ्यापुढे ठासून भरली.

"अरे, लहान दार झाकलंस की," इंगुन म्हणाली.

"आठ वर्षांत एकदा तरी उघडलंय का ते?"

"बाबा, मावशी ओरडेल हं," ओस्ने म्हणाली.

"मावशी काय डोंगरावर बघायला येणार आहे?"

सगळे हसले. मी पडलो मुका, काय बोलणार?

दुपारी घाटमाथ्यावर पोहोचलो तर रस्ता बंद करणारा दांडा आडवा. वादळ होतं. अशा वेळी गाड्यांची रांग लावून, पुढे बर्फ ढकलणारं यंत्र घालून सगळ्यांना एकत्र पलीकडे नेतात. नारिंगी जाकिटातला एक माणूस प्रत्येक खिडकीशी वाकून सांगत होता, "गरम कपडे अंगावर घाला. पुढच्याचे लाल दिवे सोडू नका. आणि काहीही झालं तरी गाडीतून उतरायचं नाही. तीन पावलांवर माणूस हरवतो इथे."

आणि मित्रांनो, मी ते पांढरं पाहिलं! आभाळ कुठे संपलं, डोंगर कुठे सुरू झाला, काही कळेना. जमीनच उठून वाऱ्याबरोबर चालली होती. जगात इतकं प्रचंड काही असतं आणि त्यात आपण इतके चिमुकले असतो, हे मला त्या दिवशी कळलं. "बाप रे," इंगुन एवढंच पुटपुटली.

अचानक पुढचे लाल दिवे थांबले. सिग्वेनेही ब्रेक दाबला. मागच्या व्हॅनला मात्र थांबता आलं नाही.

धाडकन आवाज झाला. डिकीचं दार चेपत आत आलं, काच फुटली. सगळा भार माझ्यावर आला आणि मी वाकलो. वाकलो, वाकलो, आणि मोल्टेच्या पाठीशी येऊन थांबलो. फुटक्या काचेतून बर्फ भसाभस आत येऊ लागला. मोल्टे एकदाच ओरडली आणि गप्प झाली.

सिग्वेचा हात गाडीच्या दाराकडे गेला. इंगुनने त्याची बाही धरली. "उतरू नकोस! काय सांगितलं त्या माणसाने?"

"अगं, पण ती गोठेल!"

"बाबा, लहान दार!" ओस्ने किंचाळली.

मग सुरू झाली लाकडांची ओढाओढ. टाकायला जागा कुठे होती? ओस्ने ओंडके मागून पुढे देत होती, इंगुन मांडीवर घेत होती, पार हनुवटीपर्यंत. सिग्वे दोन सीटच्या फटीतून मागे घुसला. "माझीच अक्कल शेण खायला गेली होती," असं म्हणत तो रडत पोती उपसत होता. शेवटी लहान दार दिसलं. कडी हलेना. त्याने ओंडका उचलून तीन घाव घातले.

दार उघडलं, मित्रांनो! सिग्वेने हात घालून बर्फाने माखलेला तो गोळा बाहेर ओढला आणि ओस्नेने त्याच्या छातीला कान लावला.

"धडधडतंय!" ती म्हणाली. बाहेर वारा गर्जत होता आणि ती तिघं त्या एवढ्याशा आवाजासाठी श्वास रोखून बसली होती.

आठवड्याने मला कारखान्यात आणलं. "मावशी, याला सरळ करून द्या," सिग्वे म्हणाला.

"नाही," मावशी म्हणाली. "एकदा मार खाल्लेल्या पिंजऱ्यात पुन्हा जीव ठेवायचा नाही. मी नवा करते."

सिग्वे जमिनीवर बसला. वाकलेल्या गजांपासून समोरच्या गजांपर्यंत त्याने आत हात घालून पाहिलं. कोपरापर्यंतही हात लांब झाला नाही.

"एवढीच जागा राहिली होती?"

मावशी ओरडेल असं मला वाटलं. ती ओरडली नाही. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"पुरली रे," ती म्हणाली.

मित्रांनो, आता मी कारखान्याच्या कोपऱ्यात उभा असतो. तुमच्याकडे एवढंच मागतो: तुमच्या गाडीतही एखादा मुका जीव बसत असेल, तर निघण्याआधी त्याचं दार एकदा स्वतःच्या हाताने उघडून बघा.