फांदीच्या जागी उभी सायकल

साहेब, ती फांदी तुमच्यासाठी काढली गेली. तुमच्या गाडीला वाट साफ दिसावी आणि तुमच्या फोटोत खड्डा येऊ नये म्हणून काढली. माणसं हे तुमच्या तोंडावर बोलत नाहीत. त्यांना उद्या परत तुमच्याच दारात यायचं असतं. मला कुठं यायचं नाही.

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. गिअरची, निळी. निळा रंग आता जिथं खरचटलेलं नाही तेवढ्यापुरता उरलाय. मला कुणी चालवत नाही, तरी सकाळी माझ्या टायरांना ओला चिखल असतो. हसू नका. त्याचं कारण पुढं येईलच, आधी जन्मापासून सांगते.

पंजाबातल्या एका कारखान्यात माझ्या नळ्या जोडल्या गेल्या. ट्रकमधून भोरला आले. गंगाधर वकिलांनी मला घेतलं ते गुडघ्यांसाठी, डॉक्टरांनी सायकल चालवा म्हणून सांगितलं होतं. वकील एकदाच राजवाड्यापर्यंत गेले, धापा टाकत उतरले आणि मला हातात धरून घरी घेऊन आले. त्यानंतर मी गॅलरीत टॉवेल वाळवायच्या कामाला लागले. त्यांच्या मंडळी मालिनीबाई माझ्या हँडलला भाजीची पिशवी अडकवायच्या. रस्त्यासाठी जन्मलेल्या वस्तूला दोरीचं काम देणं हा अपमान असतो, मित्रांनो. गंज मला पावसानं नाही लागला.

त्या गॅलरीतून मला नूतननं बाहेर काढलं.

नूतन वकिलांकडे टायपिंगला होती. हिर्डोशीच्या पुढं डोंगरात एक वाडी आहे, तिथली. तिचे वडील गेनू भातलावणी करताना साप चावून गेले. गड्यांनी त्यांना झोळीत घालून मोठ्या रस्त्याला आणलं आणि गाडीची वाट बघता बघता माणूस संपला. तेव्हापासून नूतनच्या डोक्यात एकच होतं, आमच्या खोऱ्याला रुग्णवाहिका पाहिजे. भोरातलं सायकल मंडळ दरसाल एखाद्या चांगल्या कामाला पैसे जमवायला लांबची फेरी काढायचं. त्या वर्षी भोर ते कन्याकुमारी ठरली. नूतन मंडळात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "या वर्षी रुग्णवाहिकेसाठी काढा. मी येते." तिच्याकडे सायकलच नव्हती.

मालिनीबाईंनी माझ्यावरचे टॉवेल काढले. "ने गं ही. ह्यांचे गुडघे काय आता कन्याकुमारीला जात नाहीत."

आमचा सराव मंडळातल्या बाकीच्यांसारखा नव्हता. वाड्यावस्त्यांवर नोटा कुठून निघणार? पण भात निघतो. नूतन दारोदार जायची, लोक शेरा-मापट्यानं तांदूळ घालायचे, पोतं माझ्या कॅरिअरला बांधायचं आणि चढ चढायचा. तांदूळ भोरच्या बाजारात विकायचा. मदतही गोळा व्हायची आणि मांड्याही तयार व्हायच्या. आंबवड्याला गेलो, घाट उतरून पार वेल्ह्याच्या अंगाला गुंजवण्यापर्यंत गेलो. तिथं धरणात शेत गेलेल्या रतनबाईंनी सूप भरून तांदूळ आणला. नूतन म्हणाली, "मावशी, तुमी नका देऊ." म्हातारी उखडली. "का गं? धरणानं श्यात नेलं, माजा हात न्हाई नेला. धर पोतं."

हिर्डोशीच्या फाट्यावर पप्पूची चहाची टपरी आहे. आम्ही दिसलो की तो ओरडायचा, "नूतन, कन्याकुमारीला निघालीस का गिरणीला?"

"दोन्हीकडं. तुझं मापटं काढ आधी!"

पप्पू शिव्या घालत आत जायचा आणि दोन मापटी आणायचा. माझ्या आयुष्यातले ते दिवस. तेवढेच.

आता फांदीचं सांगते. वाडीच्या अलीकडं एक उतार आहे आणि उताराच्या वळणावर रस्त्याची ओढ्याकडची कड तुटून गेलीय. अर्ज झाले, फोटो झाले. मग लोकांनी आपली रीत वापरली. आमच्याकडं रस्ता खचला की जाणारायेणारा त्यात ऐनाची हिरवी फांदी रोवतो. ती सुकली की पुढचा माणूस ताजी रोवतो. कुणी कुणाला सांगत नाही. फांदी दिसली की जपून जायचं. फांदी नाही, म्हणजे खड्डा बुजला. आमच्या डोंगरात हाच कायदा, आणि त्यावर माणसं जीव टाकतात.

फेरी भोरची, पण रुग्णवाहिकेसाठी म्हणून सुरुवात आमच्या वाडीतून व्हायची होती. झेंडा दाखवायला साहेब, तुम्ही, आमचे आमदार, येणार होता. आदल्या दिवशी तुमची माणसं जीप घेऊन आली. दगडांना चुना फासला. तुटक्या कडेवर मुरूम पसरला, वरवर, पापडासारखा. आणि फांदी उपटून ओढ्यात टाकली.

संध्याकाळी आम्ही भोरहून घरी निघालो होतो. उतारावर धुकं होतं. वळणावर फांदी नव्हती. नूतन मोठ्यानं हसली. "बुजवलं बाई एकदाचं! सायेब येणार म्हणून का हुईना!" आणि तिनं ब्रेकवरची बोटं सोडली.

मुरूम माझ्या पुढच्या चाकाखालून सरकला. त्याचा आवाज मला अजून येतो. तांदूळ पाखडावेत तसा.

वाडीतल्या गड्यांनी तिला ओढ्यातून वर काढलं तेव्हा ती बोलत होती. झोळी तीच होती, गेनूंची. मोठ्या रस्त्यावर गाडीची वाट बघत माणसं उभी राहिली. जिच्यासाठी ती तांदूळ वाहत होती, ती गाडी तेव्हा कुठंच नव्हती. नूतन वाटेतच गेली.

तुम्ही भोरहूनच दुःख व्यक्त केलंत. सरकारी कागदावर लिहून आलं, सायकलस्वाराचा वेग जास्त होता.

मंडळाची माणसं तिच्या नावानं कन्याकुमारीला जाऊन आली. मोहीम फळली, रुग्णवाहिकेचे पैसे जमले. माझं चाक नूतनचा चुलतभाऊ धनाजी यानं सरळ केलं आणि तिची आई फुलाबाई हिनं मला घरात भाताच्या कणगीला टेकवून ठेवलं. पुन्हा कुणी माझ्यावर बसलं नाही.

कुणी बसलं नाही असं माणसं म्हणतात. दिवस कलला की माझ्या सीटची स्प्रिंग दबते. करकरते, तिची करकरायची तश्शी. मग मागच्या चाकात वजन येतं, पोत्याचं. फुलाबाई चुलीपुढून मान न वळवता म्हणते, "आलीस? हातपाय धू आधी." आणि सकाळी माझ्या टायरांना ओला चिखल असतो, कॅरिअरला ऐनाचं एखादं पान अडकलेलं असतं. वळणावर ताजी फांदी असते. ती कोण रोवतं हे वाडीत कुणी विचारत नाही. पप्पू आता चेष्टा करत नाही, फाट्यावरून नुसता वर बघतो. फुलाबाई पदरानं माझा चिखल पुसते.

काल तुमची जीप पुन्हा आली. आज रुग्णवाहिकेचं लोकार्पण आहे ना. वळणावर एकजण उतरला. फुलाबाई तिथंच सरपणाची मोळी घेऊन उभी होती, तिनंच घरी येऊन धनाजीला सांगितलं.

तो म्हणाला, "आजी, तेवढी फांदी काढा. बरं दिसत न्हाई."

ती म्हणाली, "म्या न्हाई काढायची. तुमाला बरं दिसत नसंल तर तुमी काढा."

त्यानं काढली. पुन्हा तोच मुरूम.

आज सकाळी माझे टायर कोरडे होते. पहिल्यांदाच. फुलाबाईनं हात लावून बघितलं, पुन्हा बघितलं. "थकली असंल पोर," म्हणाली. मग माझं हँडल धरलं. तिला सायकल येत नाही. मला वासरासारखी ओढत ती वळणापर्यंत घेऊन आली. मुरूम पायानं बाजूला सारला, मला त्या तुटक्या कडेत उभी केली आणि माझ्या दोन्ही चाकांना धोंडे लावले. मग जवळच्या दगडावर बसली.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी वस्तू सांगते, मला तेल द्या, पुसा, जपा. मी तसं सांगत नाही. रस्त्यात फांदी दिसली तर ती काढू नका, एवढंच सांगते. आणि कुणी काढायला सांगितलं तर विचारा, का.

आता उतारावरून गाड्यांचा आवाज येतोय. पुढं झेंडूच्या माळा घातलेली रुग्णवाहिका, ती धनाजी चालवतोय. मागं तुमची गाडी. धनाजीनं मला बघून करकचून ब्रेक लावलाय. तुमचा माणूस उतरून धावत आलाय.

"ए आजी, सायकल हटव! सायेबांना उशीर होतोय!"

"हटव की तू," फुलाबाई बसल्या जागेवरून म्हणते.

त्यानं माझ्या हँडलला हात घातला आणि माझी घंटी वाजली. त्याचा हात घंटीवर नव्हता. फुलाबाई तर लांब बसलीय. तो हात काढून मागं सरकलाय. घंटी अजून वाजतेय, साहेब. माझ्या सीटची स्प्रिंग दबलीय.

काच खाली करा. उतरा. हिच्या आईसमोर उभं राहून सांगा, फांदी काढायला कुणी सांगितलं होतं?