एकाच हाकेला ओ

दुपारी पाडा जेवून कलंडला की गुंताबाईला हाक यायची. एकच. "गुंताऽऽ!" मागच्या चढावरून, नवऱ्याच्या आवाजात. आणि तेरसिंगला जाऊन तर दोन उन्हाळे झाले होते.

पिंपळनेरच्या वर डोंगरातल्या त्या पाड्यावर पोर बोलायला लागलं की त्याला आधी शिकवायचे ते हे: रानातून एकदाच हाक आली तर ओ देऊ नकोस. माणूस दुसऱ्यांदा हाक मारतो, भूत मारत नाही. तेरसिंग त्याच चढावरच्या मोहाच्या झाडावरून पडला त्या दुपारी एकदाच ओरडला. गुंताबाई भाकरी थापत होती. तिनं हात थांबवून दुसऱ्या हाकेची वाट पाहिली. बिचाऱ्यात दुसऱ्या हाकेपुरता जीव उरलाच नव्हता. संध्याकाळी मुलगा डोंगरसिंग बापाला शोधायला गेला, तेव्हा अंग गार पडलं होतं.

"माय, तुले ऐकू उनं नही का?" त्यानं विचारलं.

"नही," ती म्हणाली.

त्या 'नही'नं तिला आतून पोखरलं. पुढे मायलेक दोघंही ख्रिस्ती झाली. तिला वाटलं, आता तरी सुटले. पण देव बदलला म्हणून कान थोडेच बदलतात! हाक येतच राहिली. गावचा भगत चुडामण हसून म्हणाला, "एक कोंबडं दे, जुना देवले हात जोड. हाक बंद." येशूपुढे रडून रडून ती थकली होती, आणि कोंबडं तर अंगणातच फिरत होतं. शनिवारी तिनं त्याचे पाय बांधलेसुद्धा. सोमवारी भगताकडे जायचं ठरलं.

रविवारी दुपारच्या उपासनेला गेली ती ही शेवटचीच म्हणून. कुडाच्या झोपडीत पंधराएक माणसं. अभिमन पाळक देवळात निजणाऱ्या एका पोराची गोष्ट सांगत होते. नावानं हाक आली की ते पोर पहिल्याच हाकेला उठून धावायचं. "कोण हाक मारतंय ते नंतरही कळतं," पाळक म्हणाले. "आधी उठायचं."

गुंताबाईला भाकरीवर थांबलेला आपला हात आठवला.

मग नेहमीसारखं त्यांनी विचारलं, साक्ष कोणाला द्यायची आहे? साक्षीत चांगलंच सांगायची रीत होती. कोणाचा ताप उतरलेला असे, कोणाची शेळी सापडलेली. गुंताबाई उठली. हे ऐकून डोंगरसिंग घर सोडून जाईल, अशी तिला खात्री होती, आणि आता तिला तो एकच उरला होता. त्याच्याकडे न बघताच ती बोलली.

"त्या दिन माले ऐकू उनं व्हतं. मी ओ दिधी नही. पोरले खोटं सांगं मी."

आणि तेवढ्यात चढावरून हाक आली, "गुंताऽऽ!"

सगळे तिच्याकडेच बघत होते. एकट्या डोंगरसिंगची मान चढाकडे वळली.

तो हळूच उठला.

"माय, माले बी ऐकू उनं व्हतं," तो म्हणाला. "मी पानी भराले झिरावर व्हतू. मी बी दुसरी हाकनी वाट दखत बसनू." मग अगदी बारीक आवाजात, "आते बी उनं."

गुंताबाईनं त्याचा हात घट्ट धरला. तशीच ती दाराशी गेली, आणि चढाकडे तोंड करून दोघांनी मिळून ओ दिली.