आतल्या कडीचे स्क्रू

त्या घरात भूत आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, आणि ते कुणाचं हेही. सुतारकाम करणारे बाबा जाऊन वर्ष उलटलं, तरी त्यांचा जीव म्हणे दारांतच अडकून पडलेला. त्यांच्या धाकट्या मुलाला ह्यात काही नवल वाटत नव्हतं. जिवंतपणी ज्या माणसानं घरातल्या एका खोलीला आतून कडी राहू दिली नाही, तो मेल्यावर कशाला सुधारतोय!

लहानपणी ताई हट्टानं कडी बसवून घ्यायची. दोन दिवसांत कडी गायब, आणि खिडकीच्या कट्ट्यावर चार स्क्रू ओळीत मांडलेले. बाबा खाली मान घालून म्हणायचे, "मीच काढली." का, म्हणून विचारलं की गप्प. आई डोळे पुसत बसायची. एकोणिसाव्या वर्षी ताईनं बॅग भरली आणि गेली ती गेलीच. धाकट्यानं त्या दिवसापासून बाबांशी बोलणं टाकलं. एकाच बाकावर काम, फळीचं एक टोक बाबांच्या हातात, दुसरं ह्याच्या, आणि तोंडातून चकार शब्द नाही. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हाही औषधाची वेळ हा आईकरवी कळवायचा. मरणाऱ्या माणसाशी एवढा ताठा! पण त्याला वाटायचं, आपण ताईची बाजू घेतोय.

आता चौदा वर्षांनी ताईची बदली ह्याच शहरातल्या दवाखान्यात झाली होती. ती नर्स. घरी राहायला यायला ती एका अटीवर तयार झाली: खोलीला आतून कडी हवी. धाकट्यानं त्याच दुपारी पितळी कडी आणून बसवली. ताई यायलाच हवी होती त्याला. आईबरोबर एकटं राहून तो पार विटला होता. आई वाईट होती असं नाही, पण हा आंघोळीला गेला तरी ती दाराशी उभी राहून दर दोन मिनिटांनी विचारायची, "झालं का रे?"

सकाळी बघतो तर कडी निघालेली. कट्ट्यावर चार स्क्रू. त्यानं लांब स्क्रू घेऊन पुन्हा बसवली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मात्र त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. आई म्हणाली, "त्यांना नको असेल रे. राहू दे." त्या रिकाम्या खोलीत उभा राहून तो बापावर ओरडला, "मेलात ना? आता तरी सोडा तिला!"

रविवारी सकाळी ताई आली. बॅग खाली न ठेवताच तिनं दार पाहिलं.

"तीनदा बसवली गं," धाकटा ओशाळून म्हणाला. "बाबा काढतात."

ताईनं कट्ट्यावरचा एक स्क्रू उचलून त्याच्या तळहातावर ठेवला. "तू सुतार ना? मग बघ जरा नीट."

त्यानं बघितलं. डोक्यावरची खाच पार कुरतडून टाकलेली.

"बाबांच्या हातून कधी खाच बिघडली होती? आयुष्यात एकदा तरी? हे भाजीच्या सुरीनं काढलेत. तेव्हाचेही असेच होते."

बाबा स्क्रूला साबण लावायचे, हलक्या हातानं फिरवायचे. त्यांनी काढलेला स्क्रू पुन्हा नव्यासारखा वापरता यायचा. हे त्याला त्यांनीच शिकवलं होतं. पण भूत बाबांचंच, हे डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की बारा स्क्रू हाताळूनही गाढवाला काही दिसलं नाही.

"आई?"

आई उसळलीच. "मग काय करू? तुम्ही दार लावून बसलात की मला धडधडतं. आत काय चाललंय, माझ्याबद्दल काय बोलताय, मला कसं कळणार? आईपासून कसली आलीय कडी!"

"मला का नाही सांगितलंस तू?" धाकटा ताईवरच खेकसला.

"सांगितलं होतं. गेल्यावर पहिल्याच फोनला. तू म्हणालास, हे तुला बाबांनी पढवलंय."

म्हणाला होता खरा. आता आठवलं.

"मी नर्सेसच्या हॉस्टेलवर राहते," ताई म्हणाली. आईनं तिचा हात धरला, तो तिनं हळूच सोडवला आणि जिना उतरून गेली.

"गेली बघ," आई म्हणाली. "मी काय तिचं वाईट चिंतलं होतं?"

"बाबांनी स्वतःवर का घेतलं सगळं?"

"मीच गळ घातली होती. पोरं माझ्यापासून तुटली तर मी जगणार नाही म्हटलं." आई नाक पुसत म्हणाली, "तू अबोला धरलास तेव्हा मलाही वाईट वाटलं हो. म्हटलं, सांगून टाकू का त्याला? तर म्हणाले, नको, घरात एकाशी तरी बोलतोय ना."

धाकटा कामाच्या बाकावर जाऊन बसला आणि बाबांचा आवाज आठवायला लागला. तेरा वर्षं हातभर अंतरावर तो माणूस होता. आवाज काही केल्या आठवेना.