चार सुती पाना

मंगळवारी दहाच्या आत गार्गीला अंबाजोगाईच्या दवाखान्यात पोचवलं नाही, तर तिचा डावा पाय पुन्हा आत वळायला लागणार होता. आज सोमवार, दुपारचे चार. सत्यभामा दोन महिन्यांच्या लेकीला मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली होती आणि तिचा जीव अंगणातल्या जुन्या मारुतीपाशी अडकला होता. गाडीचं पुढचं चाक काढून बाजूला आडवं टाकलेलं.

पाय जन्मतःच वाकडा. दर मंगळवारी नवं प्लास्टर, उद्याचं पाचवं. जुनं घरीच भिजवून काढून यायचं, असा तिथला नेम. टँकर चार दिवसांनी एकदा येतो. त्यातलं अर्धी बादली पाणी प्लास्टर भिजवण्यात गेलं. सासूबाई, भिवराबाई, ते पांढरं पाणी झाडालाही घालता येईना म्हणून बराच वेळ बादलीकडे बघत राहिल्या. सकाळी घाई नको म्हणून सत्यभामानं प्लास्टर आज दुपारीच काढलं होतं. तेव्हा गाडीचं काम तासाभराचं वाटलं होतं. आता उघडा पाय तिच्या तळहातात होता आणि दर थोड्या वेळानं तिला वाटे, मघापेक्षा वळलाय.

मागच्या मंगळवारी घाट उतरताना ब्रेकमधून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला होता. पॅड पार झिजलेले. नवे आणले, पण सिरसाळ्याचा मिस्त्री लग्नाला गेला होता. "खालचा एक बोल्ट सुटला की झालं," असं म्हणत तिचा नवरा उत्तरेश्वर दूध संस्थेतून लवकर घरी आला. दुष्काळामुळं जनावरं चारा छावणीत गेल्यापासून संस्थेत दूधच कमी, त्यामुळं दुपारनंतर बसून करायचं काय?

बोल्ट मात्र सुटत नव्हता.

"जोर लाव की बे," सासरे शहादेव म्हणाले. अठ्ठावीस वर्षं ते सहकारी साखर कारखान्यात फिटर होते. यंदा ऊस नाही म्हणून कारखाना पेटलाच नव्हता, आणि निवृत्त माणसालाही ते मनाला लागलं होतं. "पाना कारखान्याचा हाय. आजकालच्यावानी पत्र्याचा न्हाई."

"पाना चांगला हाय, आबा. सटकायलाय कावून मग?"

"हात तुजे दुधाचे. लोणी काढल्यावानी धरतूस."

उत्तरेश्वरनं पुन्हा जोर लावला. पाना फिरला, बोल्ट जागचा हलला नाही. बोल्टच्या डोक्याचे कोन झिजून गुळगुळीत झाले होते.

"वरचा बोल्ट काढा ना मग," सत्यभामा म्हणाली.

"वरच्याला पाना लावायला जागाच न्हाई."

शहादेवांनी छिन्नी मागितली. दोन घाव बसले, आणि तिसरा शेजारच्या रबरी नळीच्या इतका जवळून गेला, की सत्यभामा उठूनच उभी राहिली.

"मामा, नळी फुटली तर ब्रेकच राहणार नाही."

"बरं, ऱ्हाऊ द्या." छिन्नी खाली ठेवून ते म्हणाले, "चाक चढवा. जुन्याच पॅडावर जाऊ. घाटात गिअरवर हळू उतरू. आमी काय कमी गाड्या उतरवल्यात?"

"मी तशी जाणार नाही."

"मग पायाचं?" उत्तरेश्वरनं हळूच विचारलं.

पहिली एसटी अकराला पोचायची, आणि नंबर दहाला बंद. न जावं तर पाय, जावं तर घाट. तिनं गार्गीला सासूबाईंकडं दिलं आणि नुसतं उभं राहवेना म्हणून खाली पडलेला पाना उचलला. पदरानं पुसला. त्यावर एक छेद दोन असा आकडा कोरलेला होता.

"मामा, हा अर्ध्या इंचाचा आहे."

"चार सुती. आठ सुतांचा इंच, म्हंजी ह्यो बारा एमएमचाच."

"बाराचा नाही. पावणेतेराला थोडा कमी." तिनं मनात पुन्हा गुणाकार करून पाहिला. "कारखान्यातले बोल्ट सुताचे असतील. ह्या गाडीचा बोल्ट मिलिमीटरचा, नेमका बाराचा. पाना ढिला बसतोय, म्हणून सटकतोय."

शहादेवांनी पाना तिच्याकडून घेऊन उलटसुलट पाहिला. कारखान्यात सगळे असंच म्हणायचे, चार सुती म्हणजे बारा. आणि तिथं त्यानं कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

"बी.एस्सी. हाय, आबा," उत्तरेश्वर हसला.

"तू गप." म्हातारा तिच्याकडं न बघता म्हणाला, "साडेतीन सुती किती भरंल गं?"

"अकरा. वर थोडं."

ते उठून आत गेले. हत्यारांच्या पोत्यातून साडेतीन सुतीची एक जाड गोटी घेऊन आले, बोल्टच्या डोक्यावर टोपीसारखी बसते ती. ती बोल्टला लहान होत होती. त्यांनी बोल्टचं डोकं कानशीनं सगळ्या अंगांनी थोडं घासलं, गोटी वर धरली आणि हातोड्यानं ठोकून ठोकून आत बसवली. "आता आधी आवळ," गोटीला दांडी लावून ती उत्तरेश्वरच्या हातात देत ते म्हणाले.

"आवळू?"

"जरासा. गंज तुटू दे. मग उलटा."

टक् असा आवाज झाला. सत्यभामाला वाटलं, बोल्टच तुटला. उत्तरेश्वरही थांबला. म्हाताऱ्यानं नुसता 'चालू दे' असा हात हलवला, आणि पुढच्या झटक्याला दांडी गर्रकन फिरली.

नवा बोल्ट आणायला उत्तरेश्वर मोटारसायकलवर सिरसाळ्याला पळाला. पॅड बसून चाक चढलं तेव्हा ऊन उतरलं होतं. सत्यभामा म्हणाली, "आधी छावणीच्या उतारावर बघू. गार्गी इथंच राहू दे." ती स्वतः पुढं बसली, सासरे मागं. उतारावर गाडी थांबली. ती म्हणाली, परत. पुन्हा थांबली. परत. उत्तरेश्वर वैतागला.

"लई झालं आता."

"तिचं बरोबर हाय," मागून शहादेव म्हणाले. "धा बारा येळा दाबल्याबिगर नवे पॅड बसत न्हाईत. घाल मागं."

सकाळी घाटात तिनं एका हातानं गार्गीला आणि एका हातानं दाराची कडी धरली होती. गाडी वळणावळणाला मुकाट थांबत, सावरत गेली. सव्वानऊला नंबर मिळाला, सातवा.

डॉक्टरांनी पाय बोटांत धरून फिरवला. "कधी काढलं प्लास्टर?"

"काल दुपारी." तिनं पायाकडं पाहिलं. "वळला का?"

"थोडा. येईल सरळ, पण पुढच्या वेळी सकाळीच काढा. गुडघा धरा, हलू देऊ नका."

तिनं गुडघा धरला. गार्गी जीव खाऊन रडत होती. ओल्या पट्टीचे वेढे बसत गेले तशी टाच हळूहळू बाहेर आली. पट्टी वाळून कडक होईपर्यंत सत्यभामानं हात काढला नाही. डॉक्टर दोनदा म्हणाले, आता सोडलं तरी चालेल.