एकशे सतरा नंबरची रेघ

मित्रांनो, मी एक पिस्तूल आहे. घाबरू नका, आज माझ्या पोटात काही नाही. हे मी इतक्या खात्रीनं सांगतो, कारण एक काळ असा होता की माझ्या पोटात काय आहे ते फक्त मला ठाऊक होतं, आणि ते सांगायला मला वाचा नव्हती.

वयानं मी फार जुना नाही. १९९१ साली अमेरिकेतल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. आमचं मॉडेल फार लोकप्रिय. साधी काळी पिस्तुलं दर वर्षी हजारांनी बाहेर पडत. मी मात्र त्यांच्यातला नव्हतो. टेक्सासमधल्या एका शिकारी क्लबाला पन्नास वर्षं झाली, म्हणून खास तीनशे नग काढले होते. आम्हाला चांदीसारखा निकेलचा मुलामा दिला, मुठीला अक्रोडाचं लाकूड लावलं आणि अंगावर पाण्यातून उडणारं एक बदक कोरलं. माझ्या एका बाजूला आकडा कोरला आहे, ३०० पैकी ११७. मखमलीच्या पेटीत निजवून मला पाठवताना कारागीर म्हणाला होता, "हे झाडायचं नाही, नुसतं बघायचं."

मला ते ऐकून बरं वाटलं होतं. खरं सांगतो, गोळी झाडण्याची मला कधीच हौस नव्हती.

माझा पहिला मालक त्या क्लबाचा एक म्हातारा सभासद होता. गावाबाहेर घर, पाठीमागे कोंबड्यांचं खुराडं. दोन वर्षं मी त्याच्या दिवाणखान्यात काचेमागे सुखानं राहिलो. मग एका दुपारी खुराड्याशी कोयोटी आला. कोयोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचा थोराड भाऊ. म्हाताऱ्याची बंदूक दुरुस्तीला गेली होती. हाताशी लागलो मी. त्यानं माझ्या मुठीतल्या मॅगझीनमध्ये, म्हणजे गोळ्यांच्या सरकत्या डबीत, तीन गोळ्या भरल्या. मग वरचा लोखंडी भाग मागे ओढून सोडला. त्याला स्लाइड म्हणतात. ती ओढली की डबीतली एक गोळी वर चढते आणि नळीत जाऊन बसते.

कोयोटी दार वाजल्याबरोबर पळाला. म्हाताऱ्यानं डबी काढली, गोळ्या खोक्यात टाकल्या, आणि तेवढ्यात फोन वाजला. डबीतून दोनच गोळ्या निघाल्या होत्या. तिसरी माझ्या नळीत होती.

आमच्या मॉडेलचा घोडा, म्हणजे गोळीवर आदळणारा भाग, आत असतो, बाहेर दिसत नाही. त्यामुळे मी भरलेला आहे की रिकामा, हे वरून बघून कळत नाही. म्हाताऱ्यानं मला पुसलं आणि पेटीत ठेवलं. पुढच्या हिवाळ्यात तो वारला. त्याच्या बायकोनं पेटी बांधताना कारखान्याचा कागद आत सारला. त्यावर लिहिलं होतं, 'न झाडलेलं.'

मित्रांनो, तो कागद खोटा नव्हता. मी खरंच कधी झाडलो गेलो नव्हतो. पण न झाडलेलं आणि रिकामं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१९९५ साली ह्यूस्टनच्या एका प्रदर्शनात माझ्या पेटीवर एक माणूस वाकला. डोळ्याला भिंग, हातात पांढरे सुती हातमोजे, खिशात यादी. हे राजेश. मूळचे नागपूरचे, तेलाच्या कंपनीत इंजिनीयर, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला घर. लहानपणी ते आगपेट्यांवरची चित्रं जमवत. एकाच छापातली, पण एखादा रंग चुकलेली पेटी सापडली की त्यांना हर्ष व्हायचा. तीच आवड मोठेपणी आमच्यावर आली. आमच्या मॉडेलची दहा भावंडं त्यांच्या पोलादी कपाटात होती. एक आखूड नळीचं, एक पोलिसांसाठी काढलेलं, एक परदेशी पाठवण्यासाठी वेगळे शिक्के मारलेलं. मी अकरावा.

त्यांनी माझी डबी काढून पाहिली. ती रिकामी होती. मग स्लाइडच्या फटीतून दिसणाऱ्या नळीवर त्यांनी भिंग धरलं.

"एक पुसट रेघ दिसतेय," ते स्वतःशीच म्हणाले. "फॅक्टरीतल्या टेस्टची असेल. पण आता दुसरी पडू द्यायची नाही."

स्लाइड ओढली की नळी घासते आणि चकाकीवर केसाएवढी रेघ उमटते. संग्रह करणाऱ्यांना ती रेघ म्हणजे डाग. म्हणून राजेशनी मला कधीच उघडलं नाही. ती पहिली रेघ कारखान्यातली नव्हती हो. त्या कोयोटीच्या दुपारची होती. मला बोलता येत नव्हतं, पण ती रेघ बोलत होती. त्यांनी तिला नीट पाहिलंही. फक्त तिला काही विचारलं नाही.

वर्षभर मी कुलपात होतो. ह्यूस्टनची हवा दमट, म्हणून महिन्यातून एकदा राजेश आम्हाला तेलाचा हलका हात देत. त्यांची सहा वर्षांची मुलगी कादंबरी तेव्हा दारातून बघायची. तिला आम्हा अकरा जणांत फक्त मीच आवडायचो, माझ्या बदकामुळे.

"बाबा, कॅन आय होल्ड द डक?"

"नो बेटा. बघायचं फक्त. हात लावला की घामानं गंज धरतो."

मित्रांनो, चूक इथेच झाली. मला हात का लावायचा नाही, याचं खरं कारण गंज हे नव्हतं.

१९९६ सालचा दसरा तिकडच्या रीतीप्रमाणे सोयीच्या शनिवारी करायचं ठरलं. राजेशच्या वडिलांचं नागपूरला लेथचं वर्कशॉप होतं. खंडेनवमीला तिथली हत्यारं पुसून, हळदकुंकू लावून पाटावर मांडत, आणि त्या दिवशी कुणी त्यांना हात लावत नसे. राजेशना त्या वर्षी वडिलांची फार आठवण येत होती. त्यांनी पाटावर आधी वडिलांचा मापं घ्यायचा कॅलिपर ठेवला, मग आपलं कॅल्क्युलेटर, गाडीची किल्ली, बायकोची, वीणाताईंची, विळी. आणि मग पोलादी कपाट उघडलं.

"हे कशाला आता?" वीणाताई म्हणाल्या. "घरात पोर आहे."

"शस्त्रपूजाच आहे ना. सगळी रिकामी आहेत. डब्या काढून ठेवल्यात."

"तपासलीत?"

"वीणा, पूजेतल्या हत्याराला हात लावायचा नसतो. आणि कुंकू पेटीवर लाव हं, निकेलवर नको. डाग पडतो."

"अगं बाई, देवापेक्षा सोवळं तुमचं हे पिस्तूलच जास्त," असं म्हणून त्यांनी माझ्या पेटीच्या झाकणाला बोट टेकवलं आणि पुऱ्यांकडे वळल्या.

झेंडूचं एक फूल माझ्या नळीशी ठेवलं गेलं. अकरा पेट्या उघड्या होत्या. माझ्या आत ती गोळी तीन वर्षं तशीच बसली होती. पितळी, थंड, शांत.

दारावरची घंटा वाजली. देवानंदकाका आणि कांताकाकू आले होते. काका राजेशचे नागपूरच्या कॉलेजातले मित्र. आता एका रिफायनरीत सेफ्टी इंजिनीयर होते. सकाळी ह्यूस्टनला धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम होता, तिथून दोघं पांढऱ्या कपड्यांतच आले होते. काकूंच्या हातात खिरीचं पातेलं होतं.

"जय भीम, राजेशसाहेब. पूजा आटोपली का आमची वाट बघत होतात?"

"तू कुठं पूजेला बसणार आहेस? खिरीला बसतोस नेहमी."

"खीर तर आम्हीच आणली. तुझ्या घरी आम्ही पुरीला बसतो."

सगळे दाराशी हसत होते. वीणाताई पुरी कढईत सोडून पातेलं घ्यायला गेल्या. आपट्याची पानं तिकडे मिळत नाहीत. अंगणात कांचनाचं झाड होतं, त्याची पानं बशीत काढून ठेवली होती. राजेश ती बशी घेऊन दाराकडे गेले. पाटापाशी कुणी उरलं नाही.

कादंबरी आली.

तिनं आधी झेंडूचं फूल उचललं. मग एक बोट बदकाच्या पंखावरून फिरवलं. मग मला दोन्ही हातांनी मखमलीतून काढलं. मी तिला जड झालो. मूठ तिच्या पोटाशी टेकली आणि माझं तोंड तिच्या चेहऱ्याकडे वळलं. नीट धरता यावं म्हणून तिनं दोन्ही अंगठे मुठीजवळच्या कडीत सरकवले. तिथे माझा चाप होता.

"हॅलो डक," ती नळीत डोकावून म्हणाली. "आर यू इन देअर?"

मित्रांनो, लोखंडाला घाम येत नाही असं म्हणतात. त्या क्षणी माझं काय झालं ते मी कसं सांगू? मी तिचा डोळा पाहत होतो. तिच्या पापणीला झेंडूची पिवळी भुकटी लागली होती. तिचा अंगठा चापावर थोडासा रुतला. मी माझ्या स्प्रिंगला म्हणत होतो, धर, घट्ट धर. पण स्प्रिंग कुणाचं ऐकत नाही. तिला जेवढं दाबाल तेवढंच तिला कळतं.

देवानंदकाका बूट काढून आत येत होते. त्यांनी पाहिलं.

ते ओरडले नाहीत. ओरडलं की मूल दचकतं, आणि दचकलं की मुठी आवळतं. रिफायनरीत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला हे ठाऊक होतं. ते होते तिथेच, चार हात दूर, फरशीवर मांडी घालून बसले. राजेशच्या हातातल्या बशीतून त्यांनी एक पान घेतलं, आणि दुसऱ्या हातानं राजेशना मागेच थोपवलं.

"कादंबरी," अगदी सावकाश आवाजात ते म्हणाले, "मला कुणी सोनं दिलंच नाही. तू देतेस का?"

"बट आय हॅव द डक, काका."

"हो ना. पण सोनं दोन्ही हातांनी द्यायचं असतं. एका हातानं दिलेलं चालत नाही."

कादंबरीनं विचार केला. तेवढ्या वेळात स्वयंपाकघरात पुरी करपल्याचा वास सुटला, पण कुणी हललं नाही.

"डक कुठे ठेवू?"

"होतं तिथे. त्याचं तोंड भिंतीकडे कर. झोपू दे त्याला."

तिचे अंगठे सुटले. मी मखमलीवर टेकलो, भिंतीकडे तोंड करून. ती धावत जाऊन काकांच्या हातातलं पान घेऊन त्यांनाच दोन्ही हातांनी देत म्हणाली, "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा." काकांनी तिला मांडीवर ओढलं आणि बराच वेळ सोडलं नाही. कांताकाकूंनी तिला मग खीर वाढायला म्हणून आत नेलं.

राजेशनी हातातली बशी खाली ठेवली आणि ते म्हणाले, "रिकामं आहे रे, देवानंद. उगाच घाबरलो आपण."

"उघडून बघितलंस?"

"डबी बघितली. कागदावर लिहिलंय, न झाडलेलं. ओढलं तर रेघ पडते."

देवानंदकाका उठले. "राजेश, आमच्याकडे पंप बंद करतात, कुलूप लावतात, पाटी लावतात. सगळे कागद बरोबर असतात. तरी माणूस आत जायच्या आधी आम्ही बटण दाबून बघतो, पंप खरंच बंद आहे का ते. कागदावर विश्वास ठेवून आत गेलेले दोघं मला माहीत होते. ओढ."

राजेशचा हात खिशाकडे गेला. त्यांनी खिशातून हातमोजे बाहेर काढले. सवयच ती.

"हातमोजे राहू देत," दारातून वीणाताई म्हणाल्या. त्यांच्या हातात झारा तसाच होता.

राजेशनी मला उघड्या हातानं उचललं. माझं तोंड बागेकडच्या विटांच्या भिंतीकडे वळवलं आणि स्लाइड ओढली.

टक.

गोळी पाटावर पडली. झेंडूच्या पाकळ्यांतून घरंगळत ती राजेशच्या वडिलांच्या कॅलिपरला जाऊन टेकली.

वीणाताई खाली बसल्या. राजेश त्या गोळीकडे बघत राहिले, आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी मला भिंगाशिवाय पाहिलं. माझ्या नळीवर दुसरी रेघ उमटली होती.

मग ते पाटापाशी बसले. पोलिसांसाठीचं उचललं, ओढलं. आखूड नळीचं उचललं, ओढलं. एकामागून एक सगळी भावंडं त्यांनी उघडली. बाकीची दहाही रिकामी होती. तरी प्रत्येकावर रेघ पडली, आणि त्यांचा हात एकदाही थांबला नाही. शेवटी त्यांनी कपाटाला कुलूप लावलं, किल्ली वीणाताईंकडे दिली, आणि कादंबरीला जवळ बसवून सांगितलं, "गंजाचं मी खोटं सांगितलं होतं बेटा. हात लावायचा नाही, कारण यानं माणूस मरतो. कुठेही दिसलं तरी हात लावायचा नाही, तिथून निघायचं, आणि मोठ्या माणसाला येऊन सांगायचं. मी चिडणार नाही."

"इव्हन द डक?"

"आधी तेच."

मित्रांनो, मी तुम्हालाही तेच सांगतो. माझ्या अंगावर कितीही सुंदर बदक असलं तरी मला खेळायला घेऊ नका. आणि घरात माझ्यासारखं काही असेल, तर मोठ्यांना एकदा विचारा, उघडून बघितलंत का. तुम्ही विचारलंत म्हणून कुणाचा मान कमी होत नाही.

दोन वर्षांनी शिकागोहून एक संग्राहक आमची अकरा जणांची मांडणी बघायला आला. वीणाताईंनी किल्ली दिली. राजेशनी हातमोजे घातले नव्हते. एकेक पिस्तूल बाहेर काढताना ते आधी उघडून दाखवत, मगच पाहुण्याच्या हातात देत. आठ वर्षांची कादंबरी सोफ्यावरून किती उघडली ते मोजत होती.

पाहुण्यानं भिंग लावलं आणि मान हलवली. "अरेरे. सगळ्यांवर रेघा आहेत."

"हो," राजेश म्हणाले. "सगळी उघडून बघितलेली आहेत."